खुलासा : रोहिणीताई भाटे यांनी रंगमंच सोडला नव्हता

नाशिकमधील कथक शिकणाऱ्या मुलींच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. कथक नृत्यांगना पंडिता रोहिणी भाटे मूळच्या नाशिकच्या, त्या केवळ जयपूर घराण्याच्या आणि १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ ही कथक शिकवणारी संस्था सुरू केल्यावर त्यांनी स्वतः नाचणे थांबवले, असे त्यात म्हटले आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

रोहिणीताईंचा जन्म १९२४ चा, पाटण्याचा. शिक्षण आणि कार्य पुण्यातले. कथकची सुरुवात त्यांनी जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे केली हे खरे, परंतु पुढे पंडित लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी लखनौ घराण्याची दीर्घ तालीम घेतली.

तिसरा दावा मला सर्वाधिक खटकतो. संस्था काढली तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस-तेवीस होते. त्यानंतर त्या शिकत, शिकवत आणि रंगमंचावर नाचतही राहिल्या. कथकच्या वर्गात ही कामे वेगळी काढताच येत नाहीत. हाताने ताल धरून बोलांची पढंत करायची, म्हणजे नृत्याचे बोल तोंडाने म्हणायचे, आणि तोच तुकडा लगेच पायांतून काढून दाखवायचा. ‘ता थेई थेई तत्’मध्ये विद्यार्थिनीची टाच उशिरा पडली, तर ते घुंगरांवरून गुरूला पाठमोरे असतानाही कळते. असा कान रियाज सोडलेल्या माणसाकडे टिकत नाही.

मुली परीक्षेच्या तोंडी भागात हीच माहिती सांगतात, म्हणून पालकांनी हा संदेश पुढे पाठवू नये आणि आधी पाठवला असल्यास ही दुरुस्तीही पाठवावी, ही कळकळीची विनंती.