एस कुठे गेला?

ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर नवीन साहेब आले होते, अस्सल इंग्रजी बोलणारे. बाकीची मंडळी जमेपर्यंत दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी मला विचारलं, "सो, व्हॉट डू यू डू?"

मी त्या वेळी टेबलाखाली वाकलो होतो. प्रामाणिकपणे सांगितलं, "आय ॲम सर्चिंग माय चष्मा."

साहेब क्षणभर थांबले. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, "अँड आफ्टर दॅट?"

त्यांना माझं काम काय ते हवं होतं. मी त्या घटकेला काय करतोय याच्याशी त्यांना काहीही देणंघेणं नव्हतं. हा साधा वर्तमानकाळ! नाव ठेवणाऱ्यानं आपली चांगलीच फिरकी घेतलीय. साधा तर तो नाहीच, आणि वर्तमानात तो क्वचितच सापडतो. सूर्य पूर्वेला उगवतो, हे त्याचं लाडकं वाक्य, आणि ते मध्यरात्रीही खरं. गाडी उद्या सुटणार असली तरी 'द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो'. मंत्र्यानं काल राजीनामा दिला तरी आज मथळा 'मिनिस्टर रिझाइन्स'. म्हणजे काल, उद्या आणि रोज, सगळीकडे हजर. फक्त मी आत्ता चष्मा शोधतोय तिथे याचा पत्ता नाही.

अर्थात, तक्रार करायला मला तोंड नाही. दारात उभं राहून, पायात चपला सरकवत, आपण जाताना 'येतो' म्हणतो.

पण काळ एक वेळ परवडला. माझा खरा वैरी आहे तो एस. ही, शी, इट आले की क्रियापदाला लागणारा. माझी दहा वर्षांची मुलगी त्याची पहारेकरी. मी फोनवर 'ही कम लेट' म्हणालो की वहीतून मान वर न करता ती एक बोट उचलते. "बाबा, एस."

मला ही गोष्ट अपमानास्पद वाटते. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात हा सगळा संसार मी झोपेतही न अडखळता सांभाळतो. लिंग, वचन, पुरुष, सगळ्यांची मर्जी राखतो. आणि इंग्रजीत एकच प्रत्यय, तोही एका अक्षराचा, तर तो तेवढा जिभेवरून घरंगळतो. मी उगाच थोडं खोदून पाहिलं. जुन्या इंग्रजीतही पुरुषागणिक वेगळे प्रत्यय होते म्हणे. पुढे ते झिजत गेले. तृतीयपुरुषी 'गोएथ'मधला 'एथ' बराच काळ टिकला, पण उत्तरेकडून आलेल्या एसनं त्यालाही हुसकावलं. थोडक्यात, या लोकांनी अख्खं घर झाडून काढलं आणि जमिनीवर एक टाचणी तेवढी ठेवली. माझ्या पायासाठी.

बरं, हा एस म्हणजे दोघांत मिळून एक छत्री. 'बॉय' एकटा असला की छत्री क्रियापदाकडे: द बॉय प्लेज. 'बॉइज' झाले की छत्री त्यांनी नेली, क्रियापद भिजत उभं: द बॉइज प्ले. मध्येच 'डज' आला की तो छत्री हिसकावून घेतो.

हे शेवटचं मला उशिरा कळलं. बोट वर जाऊ नये म्हणून मी सढळ हातानं एस पेरायला लागलो होतो.

"ही डज नॉट गोज," मी ठणकावून म्हणालो.

आता दोन बोटं वर. "बाबा, एकाच वाक्यात दोन?"

"बरं. ही कॅन्स गो."

तिनं वही मिटली. 'कॅन'ला एस का नाही, हे तिला सांगता येईना, म्हणून मीच पुन्हा खोदलं. 'कॅन', 'शॅल', 'मे' ही मंडळी मुळात भूतकाळी रूपातली. फार पूर्वी वर्तमानात येऊन राहिली, पण भूतकाळाची सवय सुटली नाही. भूतकाळात तृतीयपुरुषालाही एस लागत नाही. मी हे मोठ्या उत्साहानं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण परीक्षेत हे विचारत नाहीत."

पुढच्या कॉलची मी जय्यत तयारी केली. 'माय टीम मेक्स रिपोर्ट्स' हे वाक्य आरशासमोर वीस वेळा घोटलं. चष्मा आधीच डोळ्यांवर. कॉलवर ते बिनचूक म्हटलंही, फक्त तारखा सांगताना एका आठवड्याची गफलत झाली. मी माफी मागितली.

साहेब दिलखुलास हसले. "ओह, इट डोन्ट मॅटर!"

माझ्या मागून, दारातून, स्पष्ट आवाज आला, "एस!"

मी घाईघाईनं माईक बंद आहे का ते पाहिलं. चालू होता.