‘सांध्याला हात लागत नाही’, म्हणून गुडघा दुखत नाही?

नडगीचे हाड लांबवून उंची वाढवण्याविषयीचा एक मजकूर गेल्या पंधरवड्यात माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारले, “मामा, यात काही खोटे आहे का?” भाचा सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करतो. त्याची उंची 163 सेंटीमीटर आहे आणि शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराला 165 सेंटीमीटर लागते. हा मजकूर नेमका कोणाला गाठण्यासाठी लिहिला आहे, हे त्यावरून कळते. त्याच्या अकादमीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो फिरत आहे आणि मुले तो गांभीर्याने वाचत आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नडगीत सळई बसवलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, त्यामुळे याला उत्तर देणे मला टाळता येत नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: हाड गुडघ्याच्या खाली कापतात, सांध्याला हात लागत नाही, म्हणून गुडघेदुखीचा धोका नाही, दुखलेच तर ते व्यायामात आळस करणाऱ्यांचे दुखते, सळई काढली की राहिलेले दुखणेही जाते, तीन इंच उंची मिळवून तीन महिन्यांत मैदानावर धावता येते, आणि तंत्र सत्तर वर्षांचे जुने असल्यामुळे ते पूर्ण सुरक्षित आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकायला पटतो. हाड गुडघ्याच्या खाली कापतात हे खरे; पण कापलेले हाड आतून धरून ठेवण्यासाठी त्याच्या पोकळीत जी सळई घालतात ती कुठून घालतात? नेहमीच्या पद्धतीत गुडघ्याची वाटी आणि नडगीचा वरचा उंचवटा यांच्यामधून, वाटीखालच्या जाड कंडरेच्या कडेने किंवा ती कंडरा मधोमध चिरून, हाडाच्या माथ्याला भोक पाडले जाते आणि सळई त्यातून खाली उतरवली जाते. ज्या जागेवर आपण गुडघा टेकतो तिच्या अगदी लगतची ही जागा आहे. ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’च्या ब्रिटिश आवृत्तीत 2006 साली एक आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात अशा सळया बसवलेल्या रुग्णांवरील तोवरचे अभ्यास एकत्र केले होते. नडगीच्या सळईनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखण्याचे सरासरी प्रमाण त्यात 47.4 टक्के आढळले. वेगवेगळ्या अभ्यासांत ते 10 पासून 86 टक्क्यांपर्यंत होते. ते रुग्ण हाड मोडलेले होते, उंचीसाठी आलेले नव्हते, हे मान्य. पण सळईचा मार्ग दोघांचा एकच असतो, आणि हाड मोडलेल्या माणसाला सळईवाचून फारसा पर्याय नसतो, तर भाच्याचे हाड धडधाकट आहे.

सळई न घालता केवळ पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा लावून त्या तारांनी हाडाला जोडल्या तर हे दुखणे टळते, असे कोणी म्हणेल. तेवढे टळते, परंतु दुसरे उभे राहते. पोटरीचा मोठा स्नायू नडगीच्या हाडाला चिकटलेला नसून तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि टाचेपर्यंत जातो. कापलेले दोन तुकडे हळूहळू दूर सारत हाड रोज एक मिलिमीटर लांबवतात, स्नायू त्या वेगाने लांबत नाही. तो ताणला गेला की खाली टाच उचलली जाते आणि वर गुडघा किंचित वाकलेला राहतो. पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर उभे राहणाऱ्या माणसाला मांडीचा पुढचा स्नायू सतत आवळून धरावा लागतो, आणि त्याचा दाब वाटीवर येतो. शेजारचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, नीट कापून दोन्ही टोकांना बांधले नाही तर तेही जागचे सरकते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आधार बिघडतो. शिवाय लांबवताना नडगी बाहेरच्या बाजूला आणि पुढे वाकण्याकडे झुकते. ती तशीच जुळली तर शरीराचे वजन गुडघ्याच्या एका कडेवर पडत राहते. सांध्याला हात न लावता सांधा कसा बिघडतो, त्याचे हे उत्तर आहे.

आता तीन महिन्यांचा हिशोब. हाड कापल्यावर साधारण आठवडाभर थांबून मग दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, अशा गतीने ते लांबवतात. तीन इंच म्हणजे सुमारे 75 मिलिमीटर, म्हणजे नुसते लांबवण्यातच अडीच महिने जातात. तीन महिने होतात तेव्हा त्या जागी कोवळे, न भरलेले हाड असते. ते घट्ट व्हायला दर सेंटीमीटरला साधारण एक महिना किंवा त्याहूनही अधिक काळ धरावा लागतो. हा गुणाकार ज्याला करता येतो त्याने तीन महिन्यांत धावण्याचे वचन मुलांना दिले आहे, याचा मला राग येतो. शिपाई भरतीत 1600 मीटर धावायचे असते आणि राज्य राखीव पोलीस बलाला, ज्याचा गट क्रमांक 10 सोलापूरच्याच सोरेगावला आहे, 5 किलोमीटर. पुढे प्रशिक्षणात गुडघा टेकून नेम धरावा लागतो, आणि या दुखण्याचा रुग्ण सर्वांत आधी तक्रार करतो ती गुडघा टेकण्याचीच.

आळसाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. व्यायामाने पोटरीचा ताठरपणा पुष्कळ कमी होतो, हे माझे रोजचे काम आहे. पण कंडरेजवळून गेलेली सळई व्यायामाने हलत नाही आणि वाकडे जुळलेले हाड व्यायामाने सरळ होत नाही. दुखणाऱ्यालाच दोषी ठरवले की विकणारा मोकळा होतो. सळई काढल्यावर काहींना आराम पडतो, हेही खरे. सर्वांना पडत नाही, आणि ती काढायला त्याच वाटेने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

सत्तर वर्षांच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते मला नाकारायचे नाही. सायबेरियातील कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र उभे केले. पोलिओने आखूड राहिलेला पाय, अपघातात गेलेले हाड, जन्मतःच असलेली कमी-अधिक लांबी, अशा माणसांना या तंत्राने चालते केले आहे. पण जुने म्हणजे निर्धोक नव्हे. या क्षेत्रातील नावाजलेले शल्यचिकित्सक ड्रॉर पेली यांनी 1990 साली या शस्त्रक्रियेतील अडचणींची तीन गटांत वर्गवारी केली: शस्त्रक्रियेवाचून सुटणाऱ्या, पुन्हा शस्त्रक्रिया करून सुटणाऱ्या, आणि उपचार संपल्यावरही उरणाऱ्या. ज्या कामात तज्ज्ञाला अशी वर्गवारी करावी लागते, त्याला ‘पूर्ण सुरक्षित’ म्हणणे खोटे आहे. ज्याचा एक पाय चार सेंटीमीटर आखूड आहे त्याने हा धोका पत्करणे समजू शकते, कारण न पत्करण्याचेही त्याला रोज मोल द्यावे लागते.

हे सगळे ऐकून भाच्याने विचारले, “पण मामा, मला तर दोनच सेंटीमीटर हवेत.” प्रश्न योग्य होता. दोन सेंटीमीटरला पोटरीवरचा ताण कमी येतो आणि हाडही लवकर भरते, यात शंका नाही. परंतु हाड दोन्ही पायांचे कापावे लागते, सळई दोन्ही गुडघ्यांतून घालावी लागते आणि पुढे दोन्हींतून काढावी लागते. वाटीखालचे भोक दोन सेंटीमीटरसाठी लहान पाडत नाहीत. त्याची आई, माझी बहीण, विड्या वळते. या शस्त्रक्रियेला लागणारे काही लाख रुपये तिने कर्ज काढून उभे केले आणि मुलाची उंची 165 भरली, तरी 1600 मीटरची वेळ त्याला त्याच दोन गुडघ्यांवर गाठावी लागेल.

हे त्याला पटले, निदान त्याने तसे सांगितले. त्याच्या अकादमीच्या संचालकांना मी हेच लेखी दिले आहे, आणि ज्या गटावर तो मजकूर टाकला गेला त्याच गटावर हे उत्तरही टाकावे, अशी विनंती केली आहे.