पऱ्हाट्यांचा चिमटा आणि भरताच्या वांग्याचं बी

नमस्कार भाऊ,

पेटंट आणि कॉपीराइटवरच्या माझ्या लेखात दुसऱ्याची कल्पना उचलण्याला मी चोरी म्हटलं, त्यावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : माझी सायकल नेली तर मी पायी जातो, कल्पना नेली तरी ती माझ्याकडे राहतेच, मग चोरी कसली? तुमच्या वडिलांनी भरताच्या वांग्याचं बी निम्म्या गावाला वाटलं, घरातलं काही कमी झालं नाही. आणि बहिणाबाईंनी काय रॉयल्टीसाठी ओव्या रचल्या होत्या?

चोरी हा शब्द मी वापरायला नको होता, मान्य. शेताचा बांध कोरला की शेजाऱ्याची जमीन खरोखर कमी होते. कल्पनेचं तसं नाही.

पण आमच्या अमळनेरकडची एक गोष्ट ऐका. रस्त्याकडेला एक वेल्डिंगवाला आहे. कपाशी निघाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायला लोखंडी चिमटा लागतो, तो हा बनवतो. जुन्या चिमट्यात पऱ्हाटी निसटायची, नाहीतर बुंध्यातून मोडून मूळ जमिनीतच राहायचं. यानं जबड्याचा कोन बदलला, आतून दाते पाडले, दांडा वीतभर वाढवला. सरळ जमलं नाही. दुकानामागे फसलेल्या जबड्यांचा ढीग पडला होता, मी पाहिलाय. हंगामभर त्यात गेला. पुढच्या हंगामात तोच चिमटा आणखी तीन दुकानांत, साठ रुपयांनी स्वस्त. त्यांना परवडणारच, मागच्या ढिगाचा खर्च त्यांना कुठे होता! "डोकं मन्हं आनि पैसा त्यास्ना," एवढंच तो बोलला. खोटं कशाला सांगू, मीही स्वस्तातलाच घेतला होता.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याचा फायदाच झाला. झाला. पण हा माणूस आता नवं काही करायचं असलं की शटर अर्धं ओढून घेतो. आपल्याकडचे जुने वैद्य औषधाची मुळी कुणाला सांगायचे नाहीत, सांगितली तर गुण जातो म्हणायचे. वैद्य गेला की औषधही त्याच्याबरोबर गेलं. पेटंटमागचं आर्थिक कारण फक्त कमाईचं नाही. तो सौदा आहे : तू सगळं कागदावर उघड लिही, तुला वीस वर्षं एकट्यालाच ते बनवायची-विकायची मोकळीक देतो, मग ते सगळ्यांचं. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, आणि तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मला विचाराल तर हा मक्ता आहे. तळ्याचा मक्ता घेतला म्हणून तळं कुणी आपल्या नावावर करत नाही.

नैतिक बाजू मांडणारे लोक सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्लिश विचारवंताचा दाखला देतात : ज्यानं घाम गाळला, त्याचं फळ. पण त्याच लॉकनं अट घातली होती, की इतरांसाठीही पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. ती अट बहुतेक जण गिळून टाकतात. आमच्या वेल्डिंगवाल्यानंही चिमटा शून्यातून काढला नव्हता. त्याची भर कोनाची आणि दात्यांची, हक्क असला तर तेवढ्यापुरता.

हक्क तेवढ्यावर न थांबला की काय होतं, ते औषधांत दिसतं. किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरवरच्या नेक्साव्हार या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या घरात होता. २०१२ साली पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसतानाही ते औषध बनवायची परवानगी, आणि खर्च नऊ हजारांच्या आत आला. मक्त्याच्या अटी पाळल्या नाहीत तर तो असा मोडता येतो, ही सोय कायद्यातच आहे. वापरली मात्र क्वचितच जाते, हा राग तुमच्यासारखाच मलाही आहे.

आता वांगं. 'जळगावचं भरताचं वांगं' याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आता बी राखायलाही बंदी येईल, असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही. ते मानांकन नावाचं आहे, बियाचं नाही. दुसरीकडचं वांगं जळगावचं म्हणून विकायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ. झाडावरच पिवळं होईपर्यंत ठेवलेलं वांगं फोडून, बी धुऊन, राखेत घोळून वाळवायचं, हे तुमच्या वडिलांचं काम कुणी अडवलेलं नाही. उलट २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं बी राखणं, पेरणं, बदलणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क मानलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. तरीही २०१९ मध्ये पेप्सिकोनं बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर कोटी-कोटीचे दावे लावलेच. ओरड झाल्यावर मागे घेतले, पण तोवर त्या शेतकऱ्यांना वकील शोधावा लागलाच ना? कायदा बाजूनं असणं आणि कोर्टाची पायरी न चढावी लागणं, यात फार अंतर आहे. इथे तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा भक्कम आहे.

बहिणाबाईंचं म्हणाल तर रॉयल्टीचं गणित तिथे लागूच होत नाही. त्या १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपात आल्या १९५२ मध्ये. जात्यावर सुचलेल्या ओळीला उत्तेजन कसलं द्यायचं? लेखक गेल्यावर साठ वर्षं चालणारा कॉपीराइट मलाही पटत नाही. मेलेला माणूस नवं काही लिहीत नाही. पण त्यांच्या ओवीखाली दुसऱ्याचं नाव टाकून कुणी फिरवली, तर त्यांच्या माहेरच्या, आसोद्याच्या माणसाचं रक्त तापेल की नाही? तिथे पैशाचा संबंधच नाही. नावाचा आणि मोडतोड न होऊ देण्याचा हा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ मध्ये वेगळा धरलाय. पैशाचा हक्क लेखकानं विकून टाकला, तरी हा त्याच्याकडेच राहतो. माझ्या लेखात मी हे दोन्ही एकाच पोत्यात भरले होते, त्यामुळे घोळ झाला.

शेवटी तुम्ही विचारलंत, लेख गावाच्या ग्रुपवर टाकला तर केस करणार का? टाका, खुशाल टाका. मागच्या वेळी माझाच एक लेख फिरत फिरत माझ्याच मेहुण्यानं मला पाठवला, खाली 'एका निवृत्त कलेक्टरचे विचार' असं लिहिलेलं. तेवढं बढतीचं प्रकरण टाळा. आणि वांग्याचं बी शिल्लक असेल तर चिमूटभर माझ्यासाठी ठेवा.