गॉशियन ब्लर मारला म्हणजे लेन्सचं ॲबरेशन दाखवलं असं होत नाही

एक दावा सारखा शेअर होतोय: टेस्ट चार्टची (लेन्स तपासायच्या रेघा-पट्ट्यांच्या नमुन्याची) स्वच्छ इमेज घ्या, गॉशियन ब्लर (प्रत्येक बिंदू सगळ्या बाजूंना सारखा पसरवणारा फिल्टर) मारा, झालं लेन्सच्या ॲबरेशनचं, म्हणजे लेन्समुळे प्रतिमेत येणाऱ्या दोषांचं, सिम्युलेशन, कारण सगळे दोष म्हणजे शेवटी ब्लरच, आणि नंतर शार्पन केलं की गेलेलं डिटेल परत येतं. नव्याने शिकणारे हे खरं धरून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सगळे दोष म्हणजे ब्लर". अजिबात नाही. जर्मन गणितज्ञ झायडलने 1850 च्या दशकात लेन्सचे जे पाच दोष मांडले त्यातलं डिस्टॉर्शन काहीच ब्लर करत नाही, रेघ शार्पच राहते, फक्त वाकते. कोमामध्ये बिंदूला एकाच बाजूला शेपूट फुटतं. ॲस्टिग्मॅटिझममध्ये आडव्या पट्ट्या स्वच्छ आणि उभ्या पुसट, फोकस जरा सरकवला की बरोबर उलट, आणि यूएसएएफ 1951 चार्टवर दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी असल्यामुळे हे लगेच कळतं. गोल गॉशियन दोन्हींना सारखंच पुसतो.

"गॉशियन जवळपास तसाच असतो, रेडियस बदलला की पुरे". माझा खरा आक्षेप इथे आहे. गॉशियन बारीक रेघांचा कॉन्ट्रास्ट कमी कमी करत नेतो पण तो कधीच उलटा करत नाही. खरा डीफोकस (फोकस चुकणं) करतो! ब्लरचं वर्तुळ एका काळ्या-पांढऱ्या जोडीच्या रुंदीच्या साधारण 1.22 पट झालं की कॉन्ट्रास्ट शून्य होतो, आणि त्याहून बारीक रेघांवर काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं दिसायला लागतं. सीमेन्स स्टार (मध्याकडे निमुळते होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या आऱ्यांचा चार्ट) डीफोकस करून बघा, मध्याकडे जाताना आरे आधी विरतात, मग एक राखाडी कडं येतं आणि त्याच्या आत ते परत दिसतात, पण रंग अदलाबदल होऊन. ते खोटं रिझोल्यूशन आहे, आणि तुमच्या सिम्युलेशनमध्ये ते येतच नसेल तर चार्ट वाचायला शिकणाऱ्याला नेमकी फसगतीची जागाच दिसणार नाही.

"सगळ्या फ्रेमला एकच ब्लर चालतो". फक्त स्फेरिकल ॲबरेशन (लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या जागी फोकस होणं) असेल तर ठीक, ते सगळ्या फ्रेममध्ये सारखंच असतं. कोमा मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, ॲस्टिग्मॅटिझम अंतराच्या वर्गाच्या.

"शार्पन केलं की परत येतं". जिथे कॉन्ट्रास्ट शून्य झाला तिथे परत आणायला काही उरलेलंच नसतं, आणि जिथे उलटा झालाय तिथे साधं शार्पनिंग तो उलटेपणाच ठळक करतं. 1990 मध्ये हबल अंतराळ दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला साधारण 2.2 मायक्रॉन जास्त सपाट निघाला, सॉफ्टवेअरने तेजस्वी वस्तूंना बरीच मदत झाली पण अंधुक वस्तू नॉइजमध्येच अडकल्या, आणि 1993 मध्ये दुरुस्तीचं ऑप्टिक्स वर नेऊन बसवावंच लागलं.

करायचं तर असं करा: वेव्हफ्रंटची (लेन्समधून येणाऱ्या प्रकाशलहरीच्या पृष्ठभागाची) चूक झर्निकेच्या पदांत (एकेका दोषासाठी ठरलेल्या गणिती पदांत) लिहा, ती प्युपिलवर (लेन्सच्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रावर) फेज म्हणून लावा, फुरिए ट्रान्सफॉर्म घ्या, त्याच्या मॅग्निट्यूडचा वर्ग म्हणजे पीएसएफ, म्हणजे एका बिंदूचा लेन्समधून पडणारा ठसा. हे दर तरंगलांबीला आणि फ्रेमच्या दर भागाला वेगळं. कन्व्होल्यूशन (इमेजच्या प्रत्येक बिंदूवर तो ठसा लावणं) गामा (फाइलमधले आकडे आणि खरा प्रकाश यांच्यातलं वाकडं नातं) काढूनच करायचं, कारण एसआरजीबी या नेहमीच्या इमेज फॉरमॅटमधला 0 ते 255 पैकी 128 म्हणजे अर्धा नाही, जेमतेम 22 टक्के प्रकाश असतो (हे फार जण विसरतात). आधी सगळी ॲबरेशन शून्य ठेवून चालवा, एफ/8 आणि 550 नॅनोमीटरला कॉन्ट्रास्ट मिलिमीटरला 227 जोड्यांच्या आसपास संपला पाहिजे, तसं होत नसेल तर तुमचं सॅम्पलिंग तपासा.