पुदिना हुंगणाऱ्यांसाठी चार शब्द

बे एरियात घर झालं, टेस्ला झाली, अंगणातली तुळस सलग तिसऱ्या हिवाळ्यात मेली. आता उरलं काय? पुदिन्यासारखा थंडगार वास मारणारा गांजा स्वतः पैदा करणं. कॅलिफोर्नियाने २०१६ साली प्रस्ताव ६४ मंजूर करून घरटी ६ झाडांची मुभा दिलीच आहे. धंदेवाईक मंडळी एक मनाजोगं झाड मिळावं म्हणून शेकडो बिया पेरतात. तुम्ही ६ पेरा. साध्या बिया असतील तर त्यातली निम्मी झाडं नर, म्हणजे या कामाला निरुपयोगी, निघतील. उरलेल्या तिघांतून निवड करा. मंडळाच्या अध्यक्षपदालाही याहून जास्त उमेदवार असतात म्हणा.

आधी वंशावळ पाठ करा. ‘गर्ल स्काउट कुकीज’ हे गांजाचं घराणं ओजी कुश आणि दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन पॉयझन या वाणांच्या सोयरिकीतून आलं. त्याच्या एका पातीचं नाव ‘थिन मिंट’, म्हणजे गर्ल स्काउट संघटनेच्या शाळकरी मुली दारोदार विकतात त्या चॉकलेटी बिस्किटाचं. ट्रेडमार्कची धास्ती बसल्यावर दुकानांनी घराण्याचं नाव आखडून ‘जीएससी’ केलं. पुढे ‘ॲनिमल मिंट्स’चं बब्बा कुशशी लग्न लागून ‘कुश मिंट्स’ जन्मली. कुंडलीत इतके मिंट म्हटल्यावर वास येणारच. नाही आला तर नाक दाखवून घ्या.

नमुना मात्र प्रयोगशाळेत चुकूनही पाठवू नका. अहवालात बहुधा लिमोनीन आणि कॅरिओफिलीन वर बसलेली असतात: लिंबाची साल नि काळी मिरी. पुदिन्याला गारवा देणारं मेन्थॉल असलंच तर नावापुरतं. जरासा सिनिओल सापडला तर पेढे वाटा. निलगिरीच्या तेलात तोच ठासून भरलेला असतो, सर्दी झाली की आजी रुमालावर ज्याचे दोन थेंब टाकायची.

गारव्याचं शास्त्रही फेकता यायला हवं. मेन्थॉलने जिभेचं तापमान काडीभरही उतरत नाही. थंडी ओळखणारा टीआरपीएम-८ नावाचा ग्राही मज्जातंतूंवर असतो, त्यालाच ते बनवतं. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळेत हे शोधलं आणि २०२१ चं नोबेल दोघांनी वाटून घेतलं. एवढं ऐकवून झालं की पाहुण्यापुढे बरणी धरा, पण झाडाचं नाव आधी सांगा. न सांगता धरलीत तर तो मोज्यांची चौकशी करेल.

ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज आत असेल तर हा छंद सोडाच. झाडांची मुभा राज्याची, इमिग्रेशन केंद्राचं. राज्यात कायदेशीर असलं तरी नागरिकत्व देताना तुमच्या सद्वर्तनावर बोट ठेवता येतं, हे केंद्राने २०१९ मध्ये लेखी कळवलं आहे.

मग इंडियन स्टोअरमधून पुदिन्याची जुडी आणा. पानं चटणीला घ्या, काड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या करा. थोड्याच दिवसांत मुळं फुटतात आणि वास पहिल्या दिवसापासून पुदिन्याचाच येतो. फक्त तो हुंगायला शनिवारी रात्री कोणी तुमच्या घरी येणार नाही.