दहा बाय दहाचा मळा आणि लाइट बिल

सांगली-मिरजेच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरातली दहा बाय दहाची एक खोली मोकळी करा आणि मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर, चौघांच्या कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढी भाजी काढा. पाणी ९० टक्के कमी, वीज एका बल्बएवढी, खत म्हणजे चिमूटभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत). कीड नाही, फवारणी नाही, म्हणून शंभर टक्के सेंद्रिय. वर बारा महिने स्ट्रॉबेरी. खाली किटची किंमत आणि फोन नंबर.

माझं खतांचं दुकान आहे, त्यामुळे हा मेसेज मोबाइलवर उघडून काउंटरवर ठेवणारी माणसं सारखी भेटतात. हायड्रोपोनिक्सशी, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर पीक घेण्याशी, माझं भांडण नाही. ते शास्त्र पक्कं आहे. भांडण या मेसेजमधल्या हिशोबाशी आहे.

आधी तो ‘एक बल्ब’ घेऊ, कारण सगळी मेख तिथंच आहे. झाडाला आपल्या डोळ्यांना पुरणारा उजेड पुरत नाही. भर दुपारी गच्चीवर लाखभर लक्स प्रकाश असतो आणि दिवे लावलेल्या हॉलमध्ये तीन-चारशे. झाडाला दिवसभरात मिळालेला प्रकाश मात्र लक्समध्ये नाही, मोल या एककात मोजतात. लेट्यूससारख्या पालेभाजीला दर चौरस मीटरला दिवसाला १२ ते १७ मोल लागतो, आणि झाडांसाठीचा चांगला एलईडी एका युनिट विजेत साधारण ९ मोल देतो. म्हणजे चौरस मीटरला रोज दीड युनिट झालं.

आता चौघांची भाजी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीत माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी धरली आहे, म्हणजे घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २०१५ साली छापलेल्या हिशोबात हायड्रोपोनिक लेट्यूसचं वर्षाचं उत्पन्न चौरस मीटरला ४१ किलो धरलं आहे. घरात तेवढं निघालं असं मानलं, तरी आपल्याला १४ चौरस मीटर लागवड हवी. खोली सव्वानऊ चौरस मीटरची. पण मजल्यांचे रॅक लावले तर बसेल. जागेबद्दल मेसेज खोटं बोलत नाही, हे मान्य करायला हवं. पण १४ चौरस मीटरला दीड युनिटप्रमाणे रोज २१ युनिट झाले, महिन्याला सव्वासहाशेच्या वर. दहा रुपयांचा दर धरला तरी सव्वासहा हजारांहून जास्त, आणि फ्रीज, पंखे, गीझरचं नेहमीचं बिल असतंच. त्यात भर पडली की युनिटचा दरही वरच्या स्लॅबचा लागतो. एवढं करून हातात काय, तर नुसता पाला. टोमॅटो, मिरची, वांग्याला याच्या दीड-दोनपट प्रकाश लागतो. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत मंडईतली वांगी आणून केलेलंच परवडतं.

शिवाय त्या विजेचं पुढं काय होतं? अखेर तिची उष्णताच होते. २१ युनिट सोळा तासांत जाळायचे म्हणजे बंद खोलीत तेराशे वॅटची पाणी तापवायची कॉइल दिवसभर चालू ठेवण्यासारखं आहे, तेही सांगलीच्या एप्रिलमध्ये. टाकीतलं पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पंचविशीच्या वर गेलं की पिथियम बुरशीला फावतं. पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि ओढली की साल हातात येते. मग एसी लावा, आणि त्याचं बिल वेगळं मांडा.

पाण्याचा दावा मात्र हवेतून आलेला नाही. अ‍ॅरिझोनाच्या त्याच अभ्यासात किलोभर लेट्यूसला हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर आणि शेतात २५० लिटर पाणी धरलं आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढाच आकडा उचलला. त्याच्याच शेजारी ऊर्जेचा आकडा आहे: शेतात किलोमागे १,१०० किलोज्यूल आणि हायड्रोपोनिक्समध्ये ९०,०००, म्हणजे २५ युनिट. तिथल्या हरितगृहाला तापवणं-गार करणं यातच त्यातला बहुतेक भाग जातो, हे खरं. पण म्हणून तो आकडा गाळायचा?

आणि पाणी कोणतं, हे मेसेज विचारतच नाही. नळाला कृष्णेचं पाणी येत असेल तर फारशी अडचण नाही. बोअरचं पाणी असेल आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७०० दाखवत असेल, तर खत टाकण्याआधीच त्या पाण्याचा ईसी (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप) १.४ च्या आसपास गेला. लेट्यूसला एकूण ०.८ ते १.२ पुरतो. मग लोक घरच्या आरओचं पाणी वापरतात. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. जतला किंवा आटपाडीला पाण्याच्या आवर्तनाची वाट बघत बसलेल्या माणसाला ही ‘बचत’ सांगून बघा.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. १९:१९:१९ हे खत वाईट नाही, शेतासाठी मी ते रोज विकतो. पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात. घरच्या टबात ते काम करणारं कोणी पुरेसं नसतं. दुसरं, त्यात कॅल्शियम अजिबात नाही. लेट्यूसची कोवळी पानं कडेनं करपतात, टोमॅटोची बुडं काळी पडतात, ती याच कमतरतेनं.

‘मग कॅल्शियम नायट्रेट पण द्या, एकत्रच कालवतो,’ असं म्हणणाऱ्याला मी काउंटरवरच करून दाखवतो. एका ग्लासात कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेटचं. दोन्ही पाण्यासारखी नितळ. एकात एक ओतली की ग्लास दुधासारखा पांढरा होतो आणि थोड्या वेळानं तळाला साका बसतो. तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट मिळून झालेला, सहज न विरघळणारा क्षार. झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम तिथं बसून राहिलं. हायड्रोपोनिक्सचं खत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येतं ते एवढ्यासाठी. तासगावकडच्या द्राक्षवाल्याला हे सांगावं लागत नाही. ड्रिपमधून तो कॅल्शियम वेगळंच सोडतो. त्यात पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ मध्ये राखायचा, नाहीतर लोह असून झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात. चिमटीचं काम नाही हे. किमान ईसी आणि पीएचचं मीटर लागतं.

‘सेंद्रिय’बद्दल फार बोलायला नको. ही पद्धतच मुळी क्षार विरघळवून झाडाला देण्याची. अमेरिकेत तिला सेंद्रिय शिक्का मिळू शकतो, युरोपच्या कायद्यात मिळत नाही. भाजी खायला चांगली असते, पण रसायनमुक्त म्हणून विकू नका. कीड नसते हेही खोटं: मावा, पांढरी माशी खिडकीतून येतात, कुंडीतून येतात, आणि खोलीत त्यांना खाणारा ढालकिडा नसतो.

स्ट्रॉबेरीचं तर हसूच येतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, सप्टेंबर-ऑक्टोबरला रोपं लागतात आणि थंडीच्या सुमारास फळ सुरू होतं. तिथल्या बहुतेक जातींना फुलायला लहान दिवस आणि गारवा लागतो. त्याच पट्ट्यातल्या भिलारच्या शेतकऱ्याला जे भर पावसाळ्यात जमत नाही, ते सांगलीत विश्रामबागच्या हॉलमध्ये कसं जमणार? दिवसाच्या लांबीवर न अडणाऱ्या जाती आहेत, पण गारवा त्यांनाही लागतो. शिवाय घरात मधमाशी नाही; प्रत्येक फुलावर ब्रश फिरवायचा, नाहीतर फळ वाकडंतिकडं.

मग घरी काहीच करू नये का? करावं की. गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल तर झाकणाचा एक अपारदर्शक टब घ्या. उजेड पाण्यात गेला की शेवाळ धरतं. झाकणाला भोकं पाडून नेटपॉट, म्हणजे रोपाच्या जाळीदार छोट्या कुंड्या, बसवा, खालची मुळं खताच्या द्रावणात आणि वरची हवेत राहू द्या. हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. पंप नाही, त्यामुळे लाइट गेली तरी झाड मरत नाही. लेट्यूस, पालक, पुदिना, तुळस झकास येतात, थंडीत कोथिंबीरही. मेसेजमधलं किट घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडून दिवे एकूण किती वॅटचे आणि रोज किती तास लावायचे, हे बिलावर लिहून घ्या. वॅटला तासांनी गुणा, हजारानं भागा, आलेले युनिट आपल्या दरानं मोजा, आणि मग शिवाजी मंडईत पालकाची जुडी कितीला आहे ते विचारून या.