कागद मिळाला, सही केली, समजलं काहीच नाही

रविवारचं रिमांड होतं, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडी मागण्यासाठी कोर्टापुढे आणायचं. सुट्टीच्या कोर्टात कामं भराभर उरकतात. हवालदाराने आरोपी हजर केला, मॅजिस्ट्रेट साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" पोराने मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला मागून कळलं नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, "तक्रार नाही" असं आलं.

पोरगा ओडिशाचा, बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला. मराठी शून्य, हिंदी मोडकी. आरोप साइटवरच्या लोखंडी सळ्या चोरल्याचा. वकीलपत्रावर सही घेताना मी रिमांडची कागदपत्रं चाळली, त्यात अटकेच्या कारणांचा कागद होता. छापील मराठी नमुना. वर नाव आणि कलमं. मध्ये तीन ओळी: आणखी गुन्हा करण्याची शक्यता, पुराव्यात ढवळाढवळ करण्याची शक्यता, तपासात सहकार्य नाही. तिन्हींवर बरोबरची खूण. खाली निळ्या शाईत, भरभर लिहिणाऱ्या हातचं एक वाक्य: "मला अटकेची कारणे माझ्या भाषेत समजावून सांगितली, ती मला समजली." आणि त्याखाली गोल गोल अक्षरांत ओडिया सही.

ती सहीच सांगत होती की वरचं वाक्य त्याला वाचता येत नाही.

संविधानाचं कलम 22 म्हणतं की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं लवकरात लवकर सांगायची आणि त्याच्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायचं. पण "सांगायची" म्हणजे कशी? वर्षानुवर्षं पोलीस म्हणायचे "तोंडी सांगितलं", आणि विषय मिटायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या प्रकरणात कारणं लेखी द्या म्हटलं. मे 2024 मध्ये तेच यूएपीएला, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याला, लागू झालं. नोव्हेंबर 2025 मध्ये, मुंबईतल्या वरळीच्या गाडी अपघाताच्या खटल्यात, ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू झालं: लेखी द्या, आरोपीला समजेल त्या भाषेत द्या, आणि तातडीत लगेच जमलं नाही तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी हातात द्या. नाहीतर अटक बेकायदा. (कागद नंतर देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते, तेवढी वाट ठेवलेली आहे.)

पहिल्या निकालात बांधकाम कंपनीचे संचालक होते, दुसऱ्यात न्यूज पोर्टलचे संपादक. म्हणजे ज्यांना दिल्लीपर्यंत वकील उभे करता येतात अशी माणसं. त्यात मला वावगं वाटत नाही. हक्क कोणी का लढून मिळवेना, तो सेंट्रिंगवाल्या पोरापर्यंत पोचला म्हणजे झालं. माझं दुखणं वेगळं आहे. तो पोचतोय तो छापील नमुन्याच्या रूपात.

2024 च्या निकालात न्यायालयाने एक फरक नीट समजावला आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. पुरावा नष्ट करेल, पळून जाईल, ही कारणं कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. लेखी द्यायचं आहे ते याच माणसाबद्दलचं: तू अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक केलंस असा आमचा संशय आहे, तो यावरून. ते कळलं तर माणूस वकिलाला सांगू शकतो की साहेब, मी तिथे नव्हतोच. नुसत्या खुणांवरून काय सांगणार?

शिवाय चोरीची शिक्षा सात वर्षांच्या आतली. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने 2014 मध्येच सांगितलंय. आता ती नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 35 खाली येते. (आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय. रोज दोन तरी स्क्रीनशॉट येतात मला, म्हणून सांगतोय.)

असं काही लिहिलं की खाली ठरलेली कमेंट येते: गुन्हेगार तांत्रिक मुद्द्यावर सुटतात, फिर्यादीचं काय? फिर्यादीचा राग मला कळतो. पण एक पान नीट लिहायला तपास अधिकाऱ्याला अर्धा तास पुरतो. तो वाचवायचा आणि अटक बेकायदा ठरली की वकिलाच्या नावाने बोटं मोडायची, याला काय म्हणायचं? कसाबचं अपील 2012 मध्ये फेटाळलं गेलं, फाशी कायम झाली. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्यच आहे. इतक्या उघड गुन्ह्यातही कोर्टाला त्याचा विसर पडला नाही.

त्या रविवारी मी उभा राहिलो. "साहेब, ही सही बघा." साहेबांनी पाहिली, तपास अधिकाऱ्याला विचारलं, कोणत्या भाषेत सांगितलं? "हिंदीत." सरकारी वकील म्हणाले, माल हस्तगत करायचाय. पाच दिवस मागितले होते, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. माझा मुद्दा रोजनाम्यात आलाच नाही, कारण मी तो तोंडी मांडला होता. लेखी अर्ज द्यायला हवा होता. इतकी वर्षं या कामात काढून मी घाईत तोंडी बोललो, आणि वर पोलिसांना नावं ठेवतो. नवीन वकिलांनो, निदान एवढं तरी माझ्याकडून शिका: पानभर का होईना, हाताने खरडा, पण अर्ज द्या आणि त्यावर आदेश मागा.

दोन दिवसांत माल काही निघाला नाही. पुढे न्यायालयीन कोठडी, मग जामीन, मग जामीनदार मिळेपर्यंत आणखी नऊ दिवस आत.

बाहेर आल्यावर तो ऑफिसला आला, बरोबर काम करणारा एक पोरगा दुभाषा म्हणून. त्याचा पहिला प्रश्न: त्या कागदात लिहिलं काय होतं? म्हटलं, त्यात काहीच नव्हतं, एफआयआर वाचून दाखवतो. दुभाषा वाक्यावाक्याला ओडियात सांगत गेला. चोरीची तारीख आली तसा पोराने हात वर करून त्याला थांबवलं. त्या आठवड्यात तो गावी होता. रेल्वेचं तिकीट आहे म्हणाला, फोनमध्ये.

फोन मुद्देमालात जमा आहे. परत मिळण्यासाठी अर्ज केलाय, या वेळी लेखी. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.